कंगवा कुठून घेतला?

५ ऑक्टोबर

भिंगरे,

आशीर्वाद आधी घे, बोलणी मग खा.

काल फोनवर "सगळं छान आहे गं आजी" म्हणालीस. लहानपणी "बरणी मी नाही फोडली" ज्या आवाजात म्हणायचीस, तोच आवाज. फोनवर मी बोलते आणि तू दुसरीकडे बघत हं हं करतेस. कागदावर हं हं करता येत नाही, म्हणून यापुढे पत्रं. माझी शाळा तिसरीत सुटली, पण तुझ्या बापाला दम द्यायला लागायची तेवढी अक्षरं येतात, आणि तुला तेवढी पुरतील.

तू ते समाजकार्य शिकतेस म्हणजे दिवसभर करतेस काय? शेजारीण विचारत होती. मी सांगितलं, लोकांच्या घरी जाते आणि त्यांचं भलं करते. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या नणंदेसारखं." त्या नणंदेला मी ओळखते. म्हणून जरा काळजी वाटली.

एक सांगून ठेवते. कुणाच्या घरी गेलीस तर हातावर हात ठेवून बसू नकोस. समोर पसारा दिसला की आवर, मूल रडत असलं की घे. नुसत्या बसून राहणाऱ्या पाहुण्यात आणि दारातल्या पायपुसण्यात फरक काय? पायपुसण्याचा निदान उपयोग तरी होतो.

ओळी उताराला लागल्यात, कारण कागद सारखा सरकतो. टेबल म्हातारं झालंय. आम्ही दोघं ठणठणीत.

तुझी आजी

ता. क. मी आजोबा. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी घालतो. टेबल चांगलं आहे. कागद धरायला तिला हात नाही. पंखा पुसायला स्टुलावर चढली आणि डावं मनगट मोडून खाली आली. प्लास्टर आहे. तुला कळवायचं नाही असा हुकूम आहे, तेव्हा तुला हे कळलेलं नाही.

१४ ऑक्टोबर

आजी,

तुझ्या म्हाताऱ्या टेबलाची प्रकृती कशी आहे? त्याला स्टुलावर चढू देऊ नकोस.

माझं खरंच छान चाललंय. बरणी फुटलेली नाही. मला पहिलं घर मिळालंय, म्हणजे माझ्या एकटीवर सोपवलेलं. एक वायरमन आहे. गेल्या वर्षी बायको आजारात गेली, मागे दोन मुली. थोरली चौथीत, धाकटी बालवाडीत. मुलींची मावशी म्हणते, पुरुषमाणसाला हे जमायचं नाही, मुली मी घेऊन जाते. ती माणूस म्हणून वाईट नाही. पण वायरमनला मुली जवळ हव्यात. दोघंही बालकल्याणच्या कचेरीत जाऊन आलेत. मुलींनी कुठे राहावं हे महिनाअखेरीस बैठकीत ठरणार, आणि तोवर मी त्या घरी जात राहायचं, बघायचं आणि लिहायचं.

पहिल्या सकाळी गेले तर काय सांगू! दोन खोल्या, जिथे तिथे वायरींची भेंडोळी, भिंतीवर उघडे स्विचबोर्ड, वायरमनच्या कानामागे टेस्टर. दुसऱ्यांच्या घरी उजेड आणि स्वतःच्या घरात एक दिवा चालू, एक बंद. धाकटी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत होती. आणि थोरलीची एक वेणी कानाच्या वर, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. दुसरी अर्धवट, सुटलेली. शाळेची रिक्षा खाली भोंगा वाजवत होती.

मग मी तुझी नात. बॅग ठेवली, कंगवा घेतला, पहिली वेणी सोडली, मधोमध भांग पाडला आणि दोन घट्ट वेण्या घालून रिबिनींची फुलं काढली. थोरली आरशासमोरून हलेचना. मी म्हटलं, "बघ, आता कशी माणसात आलीस!" सगळे हसले. धाकटीने खुशीने मला तिचा एकुलता मोजा दिला.

तू शिकवलेलं पहिल्याच दिवशी कामी आलं. आमच्या बाईंना दाखवायला मी ते सगळं लिहून काढलंय. त्या प्रत्येक भेटीनंतर आमच्याकडून पानभर लिहून घेतात. त्याला आम्ही उजळणी म्हणतो.

तुझी भिंगरी

१९ ऑक्टोबर

भिंगरे,

शाबास. तुझं पत्र मी शेजारणीला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती उठून चालली होती, मी बसवलं. म्हटलं, ही नणंद नव्हे, ही नात आहे.

पण झालेल्या गोष्टीवर पुन्हा पानभर कशाला लिहायचं? धुतलेला कपडा पुन्हा पिळून काय निघणार? तुमच्या बाईंना वेळ फार दिसतो.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आजोबांना म्हातारपणी स्वयंपाकघराची हौस आलीये. चहा करतात. पाणी उकळून उकळून निम्मं होईपर्यंत पातेल्यात बघत उभे राहतात, जसा काही त्यातून पाहुणा येणार आहे. मग मी उठते, "आणा इकडे" म्हणते आणि नीट करते. माझे केस शेजारीण विंचरून जाते, म्हणजे विंचरताना शेतातलं तण उपटते तशी उपटते. हे म्हणाले, "मी घालून देऊ का वेणी?" मी म्हटलं, "चहा आधी जमू दे."

माझे केस शेजारीण का विंचरते ते विचारू नकोस. तिला आवड आहे.

टेबलाबद्दल तू एवढं का विचारतेस?

आजी

ता. क. पत्र आता ती स्वतः चिकटवते, म्हणून पाकिटावर बाहेर लिहितोय. पोस्टमननेही वाचलं तरी चालेल. चहा चांगला झाला होता.

२ नोव्हेंबर

आजी,

शनिवारी मी घरी येतेय. शिकणं सोडायचा विचार आहे.

करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्या दिवसानंतर थोरली बापाला केसांना हात लावू देईना. "ताईसारखी घाला, नाहीतर नको." त्यांनी घातली की ही सोडायची. रडारड, रिक्षा निघून जायची, शाळेला उशीर. शेवटी एका सकाळी वायरमन कंगवा खिडकीत ठेवून थेट कचेरीत गेले आणि साहेबांना म्हणाले, "मुली मावशीकडेच पाठवा. ती ताई पाच मिनिटांत करून गेली ते मला वर्षभरात जमलं नाही. मला साध्या वेण्या येत नाहीत, मी मुली काय वाढवणार?" साहेबांनी लिहून घेतलं. बैठकही पुढे ढकलून आता बारा तारखेला ठेवलीये, मावशीला तयारीला वेळ हवा म्हणून.

आजी, ज्या माणसाला मुली जवळ हव्या होत्या, त्याने स्वतःच्या तोंडाने नको म्हटलं, आणि ते माझ्यामुळे.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावत नाहीत, हाच त्रास आहे. चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "चूक झाली हे मलाही दिसतं आणि तुलाही. ते सोड. चुकीच्या आत काय होतं ते लिही." त्यांनी माझ्या पहिल्या उजळणीचं पान परत दिलं. त्यात मी लिहिलं होतं, "कंगवा घेतला आणि वेण्या घातल्या." 'कंगवा घेतला' याखाली रेघ आणि समोर बारीक अक्षरात एकच शब्द. "कुठून?"

कुठून म्हणजे? मला आठवत नाही. टेबलावरून असेल. त्यावर काय लिहायचं? आणि त्या विचारतात, "तू वेणी घालत होतीस तेव्हा ते कुठे उभे होते?" तेही आठवत नाही. मला फक्त केस आठवतात.

शनिवारी येतेच.

भिंगरी

५ नोव्हेंबर

भिंगरे,

मुळीच यायचं नाही. घरात रंगकाम चाललंय.

आणि त्या बाईंना माझा निरोप दे. पोरीने वेणी घातली, गळा नाही कापला. कंगवा कुठून घेतला म्हणे! कंगवा काय झाडाला लागतो? घरात होता, घेतला. आणि तो वायरमन! विजेच्या तारांत हात घालायला भीत नाही आणि वेणीला भ्याला. उद्या कुणी त्याच्यापेक्षा चांगला दिवा लावला तर धंदा सोडील? हे सगळं तुझ्या

कागद इथे सोडला होता. आता संध्याकाळ झालीये. वरचं खोडत नाही, शाई आहे.

झालं असं की मी तुझ्या बाईंचा उद्धार करत होते आणि स्वयंपाकघरात हे चहा करत होते. मला नुसत्या आवाजावरून कळतं की आच मोठी आहे. उठले, गेले, म्हटलं "आणा इकडे". एका हाताने पातेलं उचलायला गेले. निम्मा चहा ओट्यावर, निम्मा शेगडीवर. (एका हाताने, कारण दुसरा मोडलाय. स्टुलावरून पडले. तुला माहीत असणार, नाहीतर टेबलाची एवढी चौकशी केली नसतीस. आणि रंगकाम बिंगकाम काही नाही.)

मी ओरडले, "एक चहा धड करू देत नाही हे घर!" मग ओटा पुसत राहिले. पुसून झाल्यावर मागे बघते तर हे नाहीत. गॅलरीत जाऊन बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं, मी बघितलं.

परत येऊन पत्र पुढे लिहायला घेतलं तर तुझ्या बाईंचा तो शब्द समोर. कुठून? मग माझ्याच डोक्यात आलं, पातेलं मी कुठून घेतलं? शेगडीवरून नाही. त्यांच्या हातातून घेतलं. रोज तिथूनच घेते. आणि मी चहा करत असते तेव्हा हे कुठे उभे असतात ते मला, एवढी वर्षं संसार करून, सांगता येणार नाही. मला फक्त चहा दिसतो.

तेव्हा वरचा निरोप बाईंना देऊ नकोस.

आणि ते "हातावर हात ठेवून बसू नकोस" मीच तुला शिकवलं होतं. माझ्या घरी ते बरोबर होतं, इथे कामाचा ढीग होता आणि हात माझेच होते. लोकांच्या घरी हात त्यांचे असतात. हे मला आता सुचलं, त्याला मी काय करू?

आता तू आठव. कंगवा कुठून घेतलास? आठवलं की रडत बसू नकोस, जा. बारा तारीख यायला वेळ आहे.

आजी

८ नोव्हेंबर

आजी,

त्यांच्या हातातून.

तुझं पत्र वाचून मी डोळे मिटून बसले आणि सगळं पुन्हा उभं केलं. बॅग ठेवली. पुढे झाले. थोरली माझ्याकडे पाठ करून होती, आणि तिच्या मागे ते उभे होते. तोंडात रिबीन, एका हातात अर्धी वेणी, दुसऱ्यात कंगवा. आजी, ते घालत होते! ती दुसरी वेणी अर्धवट सोडलेली नव्हती, चालू होती. मी त्यांच्या हातातून कंगवा काढून घेतला, आणि रिबीन मागायला पुन्हा हात पुढे केला. त्यांनी तोंडातली रिबीन काढून, शर्टाला पुसून माझ्या हातावर ठेवली. आणि त्यांच्यासमोर मी थोरलीला म्हटलं, आता माणसात आलीस.

हे सगळं मी लिहून बाईंना दिलं. त्यांनी वाचलं आणि खुर्ची जवळ ओढली. (आम्ही वर्गात गोल करून बसतो, त्यातली त्यांची खुर्ची नेहमी डुगडुगणारी असते, चांगल्या त्या आम्हाला देतात.) मी म्हटलं, माफी मागायला जाते, मुलींना छान रिबिनी घेऊन. त्या म्हणाल्या, "रिबिनी कुणाला बरं वाटावं म्हणून?" मी म्हटलं, "...मला." "मग त्या राहू देत."

तर काल रिकाम्या हाताने गेले. वायरमन जमिनीवर एक स्विचबोर्ड उघडून बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, "दादा, त्या दिवशी मी तुमच्या हातातून कंगवा काढून घेतला. विचारलं नाही. माझं चुकलं."

ते स्क्रू पिळत राहिले. म्हणाले, "कंगव्याचं काय एवढं ताई." आणखी एक स्क्रू पिळला. मग म्हणाले, "तिची आई घालायची तेव्हा मी कधी बघितलंच नाही. माझी पाठ असायची. बघितलं असतं तर आज आलं असतं."

समोर तिथेच चादर पडली होती, घडी न घातलेली. पेला आडवा झालेला. आजी, माझे हात आपोआप निघाले! शेवटी मी दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसले.

धाकटी आली. म्हणाली, "ताई, तुझे हात कुठे गेले?"

"इथेच आहेत. बसलेत."

"तू त्यांच्यावर बसलीस?"

"हो. ऐकत नाहीत ना."

"आमच्या बाईपण मला असंच करायला सांगतात," ती म्हणाली आणि शेजारी येऊन स्वतःच्या हातांवर बसली. वायरमनना हसू आलं. आम्हा दोघींकडे बघून ते बराच वेळ हसत होते. मग डोळे पुसून म्हणाले, "तीन पेड असतात ना वेणीचे? मग माझ्या हातात दोनच का होतात?"

मी विचारलं, "दाखवू का?"

"दाखवा. पण तिच्या डोक्यावर नको. तिचं डोकं माझ्यावर आधीच तापलंय."

धाकटी धावत जाऊन भेंडोळ्यांतून तीन तुकडे घेऊन आली. लाल, काळी, हिरवी. त्यांनी ते खिडकीच्या गजाला बांधले, मी शेजारच्या गजाला माझे वेगळे बांधले. त्यांच्या तारांना मी हात लावला नाही. कळलं ते असं, की त्यांनी जन्मभर तारांना पीळ दिलाय, म्हणून ते केसांनाही पीळ द्यायचे. पीळ सुटतो, वेणी सुटत नाही. मी सावकाश दाखवलं, लाल मध्ये, मग काळी मध्ये, मग हिरवी मध्ये.

ते थांबले. "म्हणजे मध्ये कायमचं कुणी राहत नाही?"

"नाही. पाळीपाळीने."

"हात्तिच्या! हे सांगायचं ना कुणीतरी." आणि मग जे सुटले! खिडकीच्या गजापासून जमिनीपर्यंत वेणी. धाकटीने ती गळ्यात घातली आणि खाली खेळायला गेली.

थोरली दारात हाताची घडी घालून सगळं बघत होती. म्हणाली, "तारेला दुखत नाही, म्हणून जमतं."

आणि आत निघून गेली. वायरमन माझ्याकडे बघायला लागले. मलाही पुढे काय ते माहीत नव्हतं, आणि मी ते तसं सांगितलं. बैठक चार दिवसांवर आलीये. त्यांनी कचेरीत दिलेला नकार अजून तसाच कागदावर आहे.

तुझा हात कसा आहे? स्टुलाला कुलूप लाव.

भिंगरी

१० नोव्हेंबर

भिंगरे,

थोरली माझ्या वळणावर गेलेली दिसते. तिची काळजी करू नकोस. जी तोंडाने एवढं बोलते ती आतून बघत असते. जी गप्प असते तिची काळजी करावी.

तू हातांवर बसलीस ते वाचून मीही करून बघितलं. एकच हात आहे, त्यामुळे निम्मेच कष्ट पडायला हवे होते, पण नाही. हे चहा करत होते आणि मी खुर्चीत. पाणी उकळलं. पुन्हा उकळलं. माझ्या जिभेवर "आच" आलं, मी गिळलं. "साखर" आलं, गिळलं. एवढं गिळल्यावर चहाला जागा राहिली नाही. त्यांनी कप आणून दिला. काळा, कडू, जिभेला चरचर करणारा. मी विचारलं, "कसा केलात?" एवढंच विचारलं. तर माणूस बसला ना सांगत! पाणी किती, पत्ती कधी, झाकण का ठेवायचं, झाकण का नाही ठेवायचं. लग्नाच्या वेळी सगळ्यांसमोर एवढं बोलले नव्हते.

शेजारीण आली होती केस उपटायला. तिला हे म्हणाले, "आज राहू द्या, मी बघतो." मी म्हटलं, "तुम्ही काय बघता?" तर खिशातून सुतळीचे तीन तुकडे काढले. कुठे शिकले विचार. तुझं पत्र मी उशाखाली ठेवते, आणि उशी रोज हे झटकतात.

मी म्हटलं, "माझं डोकं म्हणजे खिडकीचा गज नाही." तर म्हणतात, "गज बोलत नाही, एवढाच फरक."

बैठकीचं लगेच कळव. मी शेजारणीला सांगून ठेवलंय, ती पण जीव मुठीत धरून बसलीये. तिला एवढं फुकटचं नाटक आजवर मिळालं नव्हतं.

आजी

ता. क. हे आत लिहिलंय, कारण आज पाकीट तिने माझ्याकडे दिलं. चिकटवा म्हणाली. आ.

१३ नोव्हेंबर

आजी, आजोबा आणि शेजारीणबाई,

ऐका.

कचेरीतली लांबट खोली. साहेब, बाई, मी भिंतीला टेकून. मावशी आधीच येऊन बसली होती, नीटनेटकी, मांडीवर पर्स, डोळे सुजलेले. तिची बहीण गेलीये गं, ती काही हौसेने भांडत नाही. मग दार उघडलं आणि वायरमन मुलींना घेऊन आत आले.

थोरलीच्या दोन वेण्या होत्या. एक जरा वर, एक जरा खाली, भांग नदीसारखा वळत गेलेला. पण सुटलेलं काही नाही, तिन्ही पेड जागच्या जागी. आणि टोकाला रिबिनी नव्हत्या. एकीला लाल वायर, एकीला हिरवी, दोन फेरे आणि गाठ.

मावशी उठलीच. "अगंबाई, केसांना वायर? ये इकडे बाळा, मी नीट करून देते." आणि खरं सांगते, माझे हातपण निघाले. बाईंनी माझ्याकडे न बघताच आपली फाइल माझ्या मांडीवर ठेवली, हातांसकट.

थोरलीने दोन्ही वेण्या दोन मुठींत धरल्या आणि मागे सरकली. "सोडू नकोस मावशी! बाबांना पुन्हा अख्खी सकाळ लागेल."

साहेबांनी घसा साफ केला. "वायर का गं?"

"रिबीन घसरते. वायर घसरत नाही." मग जरा विचार करून, "दुखतं थोडं. पण ते विचारतात, दुखतंय का म्हणून. मग मी सांगते. मग ते सैल करतात. मग सुटते. मग पुन्हा."

वायरमन खाली बघत होते. साहेबांनी विचारलं, "मागे तुम्ही मुली मावशीकडे पाठवा म्हणाला होता. ते तसंच ठेवायचं?"

"नाही साहेब," ते म्हणाले. "तेव्हा मला वाटलं होतं, येत नाही म्हणजे येणारच नाही."

मावशी रडायला लागली. मग डोळे पुसता पुसता म्हणाली, "भांग तरी सरळ पाडायला शिकवू का तुम्हाला?" त्यांनी म्हटलं, "शिकवा." धाकटीने टेबलाखालून विचारलं, "आता घरी जायचं का?" साहेब म्हणाले, "हो. बाबांच्या."

झालं आजी! मुली बापाकडे. मावशी रविवारी येणार, आणि भांगाची शिकवणी तिच्याकडे. मी आणखी काही महिने तिथे जात राहीन, बहुतेक वेळा हातांवर बसून.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "आता आजची उजळणी लिही." मी म्हटलं, "पण आज तर सगळं बरोबर झालं!" त्या म्हणाल्या, "त्याचीही लिहायची असते. फाइलखाली काय चाललं होतं, ते लिही." मी जिन्यातच हसत सुटले.

शिकणं सोडत नाही. प्लास्टर कधी निघणार?

भिंगरी

१७ नोव्हेंबर

भिंगरे,

शेजारीण तुझं पत्र वाचताना रडली, मी नाही. वायरीचं वाचून मात्र हसू आवरेना, प्लास्टर हलेस्तोवर हसले.

ते प्लास्टर आज निघालं. सकाळी निघायच्या घाईत शेजारीण यायच्या आत हे कंगवा घेऊन मागे उभे. मी म्हटलं, दवाखान्यात चार माणसं असतात, आजचा दिवस राहू द्या. तर म्हणाले, "उद्यापासून तुझा हात मोकळा. मग मला कोण विचारणार?" मग मी बसले पाठ करून.

वेळ लागला. दोनदा सोडली. तोंडाने चालूच, हा मध्ये, आता हा मध्ये. मी काही शिकवलं नाही. एकदाच "आई गं" म्हटलं, ते खरं दुखलं म्हणून. विचारलं त्यांनी, दुखतंय का. म्हटलं, दुखतंय. सैल केली.

मग तशीच गेले. रस्ताभर माणसं होती. दवाखान्यात नर्सबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, वेणी एका कानावर आलीये, नीट करून देऊ?" मी म्हटलं, "तू हात बघ माझा. डोकं माझं ठीक आहे." प्लास्टर कापलं. आत मनगट सोललेल्या बटाट्यासारखं निघालं, पण बोटं हलतात. पाचही.

तेव्हा उद्यापासून वेणी माझी मी. चहाचं अजून ठरवलेलं नाही. आजची वेणी मात्र सोडणार नाही. उशीवर टोचते. टोचू दे.

बाईंना माझा निरोप सांग. आधीचा नव्हे, नवा. खुर्ची दुरुस्त करून घ्या म्हणावं, की ती पण मुद्दाम तशी ठेवलीये?

आजी

ता. क. भिंगरी, वेणी वाकडी नव्हती. तिनेच मान वाकडी धरली होती. आ.

यांच्या वरच्या दोन ओळी मी वाचल्या. त्यात एक चूक आहे. तशीच ठेवलीये.